ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

मागच्या पावसाळ्यात बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ग्रंथालयाच्या काउंटरवर आली. हातात ओली छत्री, चेहरा उतरलेला. "सर, शिष्यवृत्तीचा फारम वापस आला जी." म्हटलं, बस, उघडून पाहू. लॉगिन काय आहे? "थो त कॅफेवाल्या दादापाशी आहे." पासवर्ड? "त्यायलेच माहीत." ईमेल? तोही दादानंच काढलेला. दादा तर दुकान बंद करून पुण्याला गेलेला. म्हटलं, आधारवरून उघडू. ओटीपी पाठवला, तर तो गेला मामाच्या जुन्या नंबरवर, जो नंबर मामानं केव्हाच सोडून दिला होता.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं देणं-घेणं हे माझं काम, पण जून ते डिसेंबर निम्मा वेळ अशा फॉर्मांतच जातो. या पोरांना फोन येत नाही असं कोणी म्हणू नये. रील कापणं, गाणं चढवणं, यूपीआयनं चहाचे दहा रुपये देणं, यात ती माझ्यापेक्षा दहापट हुशार आहेत. बहुतेकांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्रही असतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: स्वतःच्या नावाची कामं दुसऱ्याच्या हातात आहेत. म्हणून मी पोरांना पहिला प्रश्न हाच विचारतो की तुझा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

यात पोरांचा दोष फारसा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भारतात संगणक असलेली घरं १०० मध्ये ५ सुद्धा नव्हती; आकडा ४.४ टक्के होता. त्यानंतर फोन घरोघरी आले, पण सरकारी फॉर्म, प्रकल्प अहवाल, हिशेबाचा तक्ता ही मोठ्या पडद्याची कामं कॅफेवरच राहिली. कॅफेवाला वाईट नसतो, घाईत असतो. चाळीस पोरं रांगेत, त्याला एक फॉर्म पाच मिनिटांत संपवायचा असतो. त्या घाईत तो स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो.

खाली लिहिलंय ते क्रमानं करा. घाई नाही, एका महिन्यात होईल. गोंडवाना विद्यापीठाचे असा, अमरावतीचे असा की नागपूरचे, क्रम तोच.

आधी चाव्या

आधार कोणत्या नंबरला जोडलंय ते बघा. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर नंबर पडताळण्याची सोय आहे. बाबांचा, मामाचा किंवा बंद पडलेला नंबर असेल तर आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा जोडून घ्या. पोस्टमनकडूनही हे काम होतं; आपल्या पोस्टात विचारा. घरात फोन एकच असेल तर तो ज्याच्याजवळ राहतो त्याचा विचार करा. माझ्याकडे एका पोराचा ओटीपी बापाच्या फोनवर जायचा, आणि बाप तुरीच्या वावरात. पोरगं इकडून शेजाऱ्याला फोन लावतंय, शेजारी धुऱ्यावरून हाका मारतोय, तोवर ओटीपीची वेळ संपली. तीनदा तसंच झालं. चौथ्यांदा म्हटलं, रविवारी घरी बसून भर.

मग स्वतःचा ईमेल. नाव, आडनाव आणि लागलाच तर एखादा आकडा, एवढंच ठेवा. "डॅशिंगबॉय" नावाचा ईमेल नोकरीच्या अर्जावर लिहिताना आपल्यालाच लाज वाटते, आणि मग पोरं दुसरा काढतात, पहिला विसरतात, विद्यापीठाचा निकाल पहिल्यावर येतो.

पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. बैल, चष्मा, सोमवार, फोडणी. इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की तोडायला अवघड आणि लक्षात ठेवायला सोपं. हेच चार मात्र घेऊ नका, हा लेख अजून कोणी वाचत असेल. नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड तर नकोच. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल लागतं, हे सगळ्या कॅफेंना पाठ आहे.

त्यानंतर गूगल खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड लागेल. तिथंच 'बॅकअप कोड' मिळतात, एका वेळी दहा, प्रत्येक एकदाच चालतो. ते वहीच्या मागच्या पानावर उतरवा. भामरागड किंवा मेळघाटातल्या पोरांना मी हे आवर्जून करायला लावतो. तिकडे गावी गेलं की मेसेज येईलच असं नाही; कोड वहीत असेल तर खातं उघडतं.

आता कॅफेवाल्याकडची खाती परत घ्यायची. ज्या ज्या पोर्टलवर तुमच्या नावाचं खातं आहे त्यांची यादी करा: महाडीबीटी (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल), विद्यापीठाचं परीक्षा पोर्टल, प्रवेशाचं पोर्टल, डिजिलॉकर. एकेक उघडा, प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल बघा, बदला, मग पासवर्ड बदला. याच क्रमानं करा. आधी पासवर्ड बदलला आणि नंबर दादाचाच राहिला, तर 'पासवर्ड विसरलो'चा ओटीपी परत दादाकडेच जाणार.

आणि कॅफेत बसावंच लागलं तर उठण्याआधी तीन गोष्टी करा. खात्यातून बाहेर पडा, 'डाउनलोड्स' फोल्डरमधून आपल्या फायली काढा, रिसायकल बिनही रिकामा करा. आमच्या चौकातल्या एका संगणकावर मी स्वतः दोनशेच्या वर आधारकार्डं मोजली आहेत. ज्यांची ती आहेत त्या पोरांना हे माहीतही नसेल.

कागदं एकदाच नीट

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ऑनलाइन कपाट, २०१५ साली आलं. त्यात दोन कप्पे असतात आणि पोरं दोन्हींत गल्लत करतात. जारी केलेले दस्तऐवज थेट बोर्डाकडून, विद्यापीठाकडून किंवा परिवहन विभागाकडून येतात आणि कायद्यानं मूळ कागदाइतकेच धरले जातात. तुम्ही फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसता फोटो, त्याला तो दर्जा नाही. म्हणून दहावी-बारावीची गुणपत्रिका चढवत बसू नका. राज्य मंडळ निवडा, वर्ष आणि बैठक क्रमांक टाका आणि ती जारी करून घ्या. एबीसी, म्हणजे श्रेयांक बँकेचा १२ आकडी क्रमांकही इथूनच निघतो. नव्या शैक्षणिक धोरणात तुमचे क्रेडिट त्या खात्यावर जमा होतात, तेव्हा तो क्रमांक परीक्षा फॉर्मावर बरोबर पडलाय ना ते डोळ्यांनी तपासा.

जे कागद डिजिलॉकरवर मिळत नाहीत ते स्कॅन करावे लागतात. यासाठी कॅफेची गरज नाही. फोनमधल्या गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे. कागद उजेडात, शक्यतो सकाळी ओसरीवर, काळ्या सतरंजीवर ठेवा. कडा आपोआप पकडल्या जातात. सावली आपल्या हाताचीच पडते, ती टाळा. फाईलला नाव द्या. 'स्कॅन००३७' हे नाव नाही. 'उत्पन्न-दाखला-२०२५' हे नाव आहे. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवलं तर जुनी पोर्टलं रुसत नाहीत.

व्हॉट्सॲपवरून कोणाला गुणपत्रिका पाठवायची असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतं, अक्षरं फुटतात, आणि कॉलेजातला बाबू म्हणतो, "दिसत नाही, नव्यानं आण."

सगळ्यांत जास्त डोकं खातो तो फोटोचा आकार. फोनचा फोटो साडेतीन एमबीचा, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मागतो २० ते ५० केबी. एक एमबी म्हणजे १०२४ केबी, तेव्हा तुमचा फोटो ५० केबीच्या ७० पट मोठा आहे. पोरं काय करतात, कुठल्या तरी संकेतस्थळावर टाकून 'कॉम्प्रेस' दाबत राहतात, चेहरा चिखलासारखा होतो. उलटं करा. आधी फोटो कापा, म्हणजे फक्त चेहरा आणि खांदे राहतील. मग मोजमाप बदला. बँकांच्या परीक्षेत २०० गुणिले २३० पिक्सेल सांगतात. एवढं केलं की आकार बहुधा आपोआप ५० केबीच्या आत येतो आणि दाबायची वेळच येत नाही. सहीचंही तसंच: पांढरा कोरा कागद, काळा पेन, नेहमीची सही. कॅपिटल अक्षरांतली सही ते घेत नाहीत. हे काम फोनच्या गॅलरीतच, फार तर मोजमाप बदलायच्या एखाद्या साध्या ॲपनं होतं. आधार आणि पॅन अनोळखी संकेतस्थळावर चढवायची गरज नाही. कोणी आधारची प्रत मागितलीच तर 'मास्क्ड' आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

महाडीबीटी: दोन बैठकांचं काम

अनुसूचित जातीसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना असो की डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, बहुतेकांचा रस्ता याच पोर्टलवरून जातो. पहिल्या बैठकीत फॉर्म भरायचा नाही. फक्त वाचायचा. योजनेचं पान उघडा, उत्पन्नाची अट बघा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वार्षिक अडीच लाखांची मर्यादा आहे, शाहू महाराज योजनेला आठ लाखांची. आपण कशात बसतो ते ठरवा आणि कागदांची यादी वहीत लिहा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला दिवस लागतात, म्हणून ही बैठक जूनमध्येच झाली पाहिजे.

दुसऱ्या बैठकीत भरायचं. इथं तीन जागी पाय घसरतो.

पहिली जागा नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, टीसीवर वडिलांच्या नावात 'राव' लागलेलं, बँकेत नाहीच. फॉर्म भरण्याआधी चारही कागद शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. क्रम वेगळा असणं चालून जातं, स्पेलिंग वेगळं असलं की अडतं. आधार दुरुस्त करायचं की बँकेतलं नाव, ते आधीच ठरवा. फॉर्म भरून झाल्यावर दोन्हीकडे धावाधाव होते.

दुसरी जागा अभ्यासक्रमाची. कॉलेजचं नाव यादीतून निवडताना सारख्या नावाची चार कॉलेजं दिसतात. चुकीचं निवडलं की अर्ज भलत्याच गावच्या बाबूच्या लॉगिनला जाऊन बसतो, आणि आपण इथं वाट बघत राहतो. कॉलेजचा कोड ऑफिसातून विचारून घ्या.

तिसरी जागा बँकेची, आणि हिच्याबद्दल मी दरवर्षी घसा कोरडा करतो. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारचे पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत ज्या बँकेचं नाव शेवटी लागलंय तिकडे जातात, आणि तिथं एका आधारला एका वेळी एकच बँक असते. सिमकार्ड घेताना किंवा कुठलंसं ॲप चालू करताना नकळत पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेली पोरं मी पाहिली आहेत. शिष्यवृत्ती तिकडे जमा झालेली, आणि घरी सगळे जिल्हा बँकेचं पासबुक भरून भरून दमलेले. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधारनं लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. भलती बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्या.

अर्ज सादर केला की काम संपलं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे विभागाकडे. कुठंही त्रुटी निघाली की परत येतो, आणि त्याचा निरोप नोंदवलेल्या नंबरवर येतो. म्हणून तर सुरुवातीला चाव्यांची कटकट. दर सोमवारी एकदा लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा. त्या मुलीचा अर्ज तीन आठवडे परत येऊन पडला होता, कारण काय तर उत्पन्नाच्या दाखल्याचं दुसरं पान उलटं स्कॅन झालेलं.

कापूस दोन तऱ्हेनं

मराठी टाइप करण्याचा प्रश्न आला की पोरं म्हणतात, फोनवर बोललं की उमटतं. खरंय, आणि चांगलं उमटतं. पण पन्नास पानांचा प्रकल्प बोलून होत नाही, आणि सरकारी नोकरीत टंकलेखन लागतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. 'कापूस' हा शब्द संगणकावर दोन तऱ्हेनं राहतो. कृतीदेव फॉन्टमध्ये तुम्ही इंग्रजीचे डी, के, आय, डब्ल्यू, एल दाबता, आणि फॉन्ट त्या अक्षरांना कापूसचं सोंग चढवतो. आत साठवलेलं असतं ते डीकेआयडब्ल्यूएलच. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथं सोंग उतरतं आणि तुमचा प्रकल्प इंग्रजी अक्षरांचा भुगा होतो. युनिकोडमध्ये मात्र क, काना, प, दीर्घ ऊकार, स हेच साठवलं जातं. म्हणून ते गूगलला सापडतं, फोनवर दिसतं, ईमेलमध्ये टिकतं. तेव्हा नवीन काही लिहायचं ते युनिकोडमध्येच.

त्यासाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात मराठी जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. कळफलक इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या मांडणीचा शिका. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, एवढं सूत्र कळलं की निम्मं झालं. 'कापूस' लिहायला के, ई, एच, टी, एम दाबा. क उजवीकडून, काना डावीकडून, प उजवीकडून, ऊकार डावीकडून, स उजवीकडून. बघा, हात कसे आळीपाळीनं चालतात! जोडाक्षरासाठी डी म्हणजे हलन्त. रोज वीस मिनिटं, पहिला आठवडा वैताग येतो. तिसऱ्या आठवड्यात बोटं आपणहून जातात.

जुना कृतीदेवचा मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मोफत मिळतात, पण नंतर एकदा वाचून काढा. रफार आणि जोडाक्षरं तिथं हमखास बिघडतात.

वेचाईचा हिशेब

एक्सेल किंवा गूगल शीट्स शिकवताना पुस्तकात विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता असतो. त्यात कोणालाच रस नसतो. मी पोरांना घरच्या कापसाच्या वेचाईचा तक्ता करायला सांगतो, तो मात्र सगळ्यांना कळतो, कारण संध्याकाळी काट्याजवळ उभं राहून वहीत आकडे लिहायचं काम बहुतेकांनी केलेलं असतं.

पहिल्या ओळीत मथळे लिहा. ए स्तंभात बाईचं नाव, बी मध्ये किलो, सी मध्ये मजुरी. भाव एकाच घरात ठेवा, समजा ई१ मध्ये १०. आता सी२ मध्ये इंग्रजी कळफलकावरून लिहायचं: =बी२*$ई$१. बी२ मध्ये ४२ असेल तर ४२० येतील. मग सी२च्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा, सगळ्यांची मजुरी निघते. डॉलरची खूण कशाला? ती नसेल तर खाली ओढताना शीट भावाचं घरही एकेक खाली सरकवते, ई२, ई३ अशी रिकामी घरं घेते, आणि दुसऱ्या बाईपासून सगळ्यांची मजुरी शून्य. डॉलर म्हणजे खुंटी: हे घर इथंच बांधलंय, हलायचं नाही. उद्या भाव ११ झाला की एकाच घरात बदल करा, सगळा हिशेब बदलतो.

एक खोड मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो. किलोच्या घरात '४२ किलो' असं लिहितो. शीटला तो आकडा वाटत नाही, शब्द वाटतो, आणि बेरीज त्याला सोडून देते. एकक मथळ्यात लिहायचं, घरात नुसता आकडा. माझ्या एका विद्यार्थ्यानं असा तक्ता करून बापाला दाखवला, तर दिवाळीआधीच्या एका वेचणीचे सव्वादोन क्विंटल बेरजेत धरलेच नव्हते हे निघालं. तेव्हापासून वही बापाकडे आणि शीट पोराकडे.

शोधायचं कसं, आणि एआयला काय विचारायचं

चंद्रपूर किंवा भंडाऱ्याकडच्या पोराला तलावांवर प्रकल्प करायचा आहे असं समजा. 'तलाव माहिती मराठी' असं टाकलं की निबंध सापडतात. नावं बदलून बघा: 'मालगुजारी तलाव', 'माजी मालगुजारी तलाव', 'मामा तलाव' (माजी मालगुजारीचंच छोटं रूप), आणि मग हेच इंग्रजीत. नेमका शब्दसमूह हवा तर तो अवतरणचिन्हांत घाला. सरकारी कागदच हवेत तर शब्दांपुढे इंग्रजीत साईट, अपूर्णविराम आणि जीओव्ही डॉट इन असं लिहा. अहवाल बहुधा पीडीएफ असतात, म्हणून फाईलटाईप, अपूर्णविराम, पीडीएफ हेही जोडा. दहा मिनिटांत निबंधांच्या जागी जलसंधारणाचे अहवाल दिसायला लागतात.

यापलीकडे काही भांडारं फुकट आहेत आणि ओस पडलेली आहेत. देशभरातले पीएच.डी. प्रबंध शोधगंगेवर आहेत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. मराठी घेतलेल्यांनी तर तो रोज उघडावा. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी लागते. आणि तुमच्या कॉलेजनं एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-नियतकालिकांची सेवा) घेतलं असेल तर हजारो नियतकालिकं तुम्हाला घरबसल्या वाचता येतात. लॉगिन ग्रंथपालाकडे मिळतं. मागायला वर्षाला दोन-तीनच येतात, हे मी थोडं रागावूनच लिहितोय.

आता एआय. सगळे वापरतात, लपवायचं कारण नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एक प्रकल्प आला, त्याला अकरा संदर्भग्रंथ जोडलेले. त्यातले चार मला माहीत नव्हते. कुतूहलानं शोधले: ना आमच्या सूचीत, ना विद्यापीठाच्या, ना कुठल्या प्रकाशकाकडे. लेखकाचं नाव खरं, पुस्तक जन्मालाच आलेलं नाही. पोराला विचारलं तर म्हणाला, "सर, त्यानंच देल्ले." एआय पटण्यासारखं वाक्य रचतं, ते खरं आहे की नाही याची खात्री त्याच्याकडे नसते. म्हणून त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ सूचीत शोधायचा, आणि सापडला नाही तर खोडायचा.

त्याला कामाला लावायचं तर असं लावा: इंग्रजी लेखातला न कळलेला परिच्छेद देऊन मराठीत समजावून सांग म्हणा. स्वतः लिहिलेला मजकूर देऊन यात काय सुटलंय ते विचारा. शीटमधलं सूत्र का चुकतंय ते विचारा. थेट 'प्रकल्प लिहून दे' म्हटलं की तो अशा मराठीत लिहितो की पहिल्याच पानावर ओळखू येतं. 'दिवसाच्या शेवटी' असं वऱ्हाडातला कोणता पोरगा लिहितो? आमच्याकडे दिवसाच्या शेवटी गाई घरी येतात.

ईमेलबद्दल दोनच ओळी. विषयाची जागा रिकामी सोडू नका, तिथं नाव, वर्ग आणि काम लिहा. आणि 'सोबत जोडले आहे' असं लिहिण्याआधी फाईल जोडा. आठवड्याला निदान चार ईमेल मला जोडपत्राविनाच येतात.

फसवणूक

पत्ता वाचायला शिका. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. महाराष्ट्र सरकारचं असेल तर तिथं जीओव्ही डॉट इन असतं. 'महाडीबीटी' हा शब्द पुढे कुठंही घुसवता येतो, शेवट बदलता येत नाही.

व्हॉट्सॲपवर एपीके प्रकारची फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल आली, मग ती शिष्यवृत्तीच्या यादीची असो, गाडीच्या चलानाची असो की लग्नपत्रिका असो, उघडायची नाही. ती उघडली की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपी, दुसरीकडे जातात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

सगळ्यांत वाईट धंदा हल्ली कॉलेजच्या पोरांभोवतीच फिरतो: "तुझं खातं फक्त महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." त्या खात्यातून कोणाचे तरी लुटलेले पैसे फिरवले जातात, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. पासबुक, एटीएम, सिम, काहीही भाड्यानं द्यायचं नाही. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं.

आणि पैसे गेलेच, तर घरी सांगावं की नाही याचा विचार करत रात्र घालवू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, जितक्या लवकर कळवाल तितकं मधे अडवता येतं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी कागदावर उतरवा, स्क्रीनशॉट ठेवा, १९३० ला फोन करा, मग बँकेला. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. अन् पोट्टेहो, त्यासाठी कॅफे उघडायची वाट पाहू नका. १९३० साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो.